निपल नवा, गन नवी, तरी पिन ग्रीस घेत नाही

प्रश्न विचारणाऱ्या दादांचं म्हणणं थोडक्यात असं. सात-आठ वर्षं जुना बॅकहो आहे, म्हणजे मागे खोदणारा हात असलेलं मशीन. मागच्या बाजूला बूम (मशीनकडचा मोठा हात) आणि डिपर (त्याच्या पुढचा, बकेट धरणारा हात) जिथं जोडले जातात, त्या पिनला ग्रीस जात नाही. ग्रीस गनचा दांडा दोन-तीनदा चालतो आणि मग दगडासारखा घट्ट होतो. निपल (ज्यावर गन लावतात ते छोटं तोंड) दोनदा बदलला, शेजाऱ्याची गन आणून पाहिली, फरक नाही. आता खोदताना तिथून करकर आवाज येतो. मागच्या वर्षी त्याच जोडाचे बुश (पिनभोवती बसणाऱ्या धातूच्या नळ्या) गावातल्या लेथवर करून घातले होते. कुणीतरी सांगितलंय की गॅस लावून लाल करा, मोकळं होईल. तर लाल करू का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: लाल करू नका. कारण पुढे येईलच. पण त्याआधी एक गोष्ट. तुम्ही प्रश्न निपलचा म्हणून मांडलाय आणि निपलवरच दोनदा पैसे घातलेत. निपल म्हणजे फक्त दरवाजा. त्याच्यामागे बॉसमधलं (बुश ज्यात बसतो त्या जाड कड्यातलं) भोक, मग बुशचं भोक, मग बुशच्या आतला खाचा आणि शेवटी पिन आणि बुश यांच्यातली फट, एवढा रस्ता आहे. तो कुठं बंद झालाय हे शोधायचं आहे. तुमच्या प्रश्नातला माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचा शब्द 'निपल' नाही, 'लेथ' आहे.

मी २२ वर्षं मातीकामाच्या मशीन दुरुस्त करतोय, बहुतेक कराड-सातारा पट्ट्यात. मुरूम, काळी माती, कॅनॉलचा चिखल, सगळीकडची मशीन पाहिली. 'ग्रीस जात नाही' असं सांगत माणूस येतो तेव्हा मी आधी विचारतो, जात नाही म्हणजे नेमकं काय होतं? कारण त्यात तीन वेगळे आजार असतात. दांडा हलका चालतो आणि काहीच होत नाही, तर गनमध्ये हवा अडकलीये. आपल्याकडे गन बादलीतून हातानं भरतात, तेव्हा हे फार होतं. ग्रीस निपलच्या तोंडाशीच बाहेर येतं, तर गनचा कपलर (निपलवर बसणारं टोक) झिजलाय किंवा निपलचं डोकं चेपलंय. आणि दांडा घट्ट होऊन अडकतो, तर रस्ता पुढे बंद आहे. तुमचं तिसरं आहे. हातगन चांगली असेल तर ती शेकडो बार दाब तयार करते. तेवढ्या दाबालाही वाट मिळत नसेल तर वरवरच्या उपायांनी काम होणार नाही.

तरी निपलची खात्री दोन मिनिटांत करून घ्या, म्हणजे तो विषय संपेल. इंजिन बंद, चावी खिशात, बकेट जमिनीवर. निपल काढायच्या आधी त्याच्या टोकावरची बारीक गोळी खिळ्यानं दाबा. आत दाब अडकला असेल तर तो तिथून निघून जाईल. दाबात असलेला निपल सुटताना गोळीसारखा उडतो, म्हणून तोंड समोर धरू नका. मग निपल गनला लावून हवेत दांडा मारा. ग्रीस सुतासारखं बाहेर आलं की निपल आणि गन दोन्ही निर्दोष.

इथंच एक इशारा, आणि तो मी मुद्दाम मध्येच घुसवतोय. गनचा पाइप कुठं चिरलाय का हे तळहातानं चाचपायचं नाही. दाबातलं ग्रीस कातडीतून आत शिरतं. वर सुई टोचल्याएवढी खूण दिसते, दुखतही नाही फारसं, आणि माणूस कामाला लागतो. पण आतला भाग सडायला लागतो आणि बोट किंवा हात जायची वेळ येते. असं झालं तर जखम लहान म्हणून घरी हळद लावत बसायचं नाही. त्याच तासाला शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय गाठायचं आणि डॉक्टरांना 'दाबाखालचं ग्रीस आत गेलंय' असं स्पष्ट सांगायचं.

आता निपलचं भोक उघडं आहे. एक सरळ, कडक तार घ्या, सायकलच्या स्पोकसारखी, आणि भोकात सोडा. ही तार तुम्हाला जे सांगेल ते गॅस कधीच सांगणार नाही. बॉसची भिंत किती जाड आहे ते बाजूनं पट्टीनं मोजा. समजा ती २० मिमी आहे आणि बुशची जाडी १० मिमी. तार १०-१२ मिमीवर मऊ, गिचगिचीत लागून थांबली, तर भोकातच जुनं ग्रीस वाळून बसलंय. तार बरोबर २० मिमीवर जाऊन टणकन धातूला लागली, तर ती बुशच्या बाहेरच्या अंगावर लागलीये. म्हणजे बुशचं भोक तिथं नाही. ती ३० मिमीपर्यंत गेली आणि मग टणकन लागली, तर ती पिनवर पोचलीये. रस्ता तिथपर्यंत मोकळा आहे आणि अडथळा खाचात किंवा फटीत आहे. काही मशीनमध्ये ग्रीस पिनच्या टोकातून आत जातं, तिथं भोक आत काटकोनात वळतं आणि तारेची ही युक्ती अर्धीच चालते. तुमचा निपल बॉसवर आहे की पिनच्या टोकाला, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बॉसवर आहे असं धरून पुढे जातो.

दुसरी न लिहिलेली गोष्ट त्याहून मोठी आहे. लेथवरचे नवे बुश घातल्यावर त्या जोडानं एकदा तरी ग्रीस घेतलं होतं का? बुशच्या दोन्ही कडांतून नवं ग्रीस बाहेर आलेलं कुणी पाहिलंय का? यावर सगळं ठरतं. आधी घेत होतं आणि मग बंद झालं, तर एक तर ग्रीस वाळलंय किंवा बुश फिरलाय. पहिल्या दिवसापासून घेतच नव्हतं, तर बुशला भोकच नाही. हसू नका. माझ्याकडे अशी मशीन आली आहेत. लेथवाल्याला जुना बुश नमुना म्हणून दिलेला असतो, त्याचं भोक काळ्या वाळलेल्या ग्रीसनं बुजलेलं असतं, त्याला ते दिसत नाही आणि तो गुळगुळीत, सुंदर, बिनभोकाचा बुश करून देतो. बसवणारा घाईत असतो. ऑपरेटर रोज गन लावतो, दांडा घट्ट झाला की 'भरलं' म्हणून पुढच्या निपलवर जातो. दांडा घट्ट होणं म्हणजे भरणं नव्हे, हे ऑपरेटरला कुणी सांगितलेलंच नसतं.

तारेनं मऊ लागलं, म्हणजे ग्रीस वाळलंय, तर तुम्ही नशीबवान. ग्रीस म्हणजे बहुतांशी तेलच, फक्त साबणासारख्या पदार्थात धरून ठेवलेलं. मशीन उभी राहिली, ऊन लागलं, की तेल झिरपून जातं आणि मागे साबण उरतो, जुन्या मेणबत्तीसारखा. तो हातानं फिरवलेल्या बारीक ड्रिलनं कोरून काढा. यंत्राला लावून नाही, हातानंच. मग भोकात डिझेल भरा, निपल लावा, रात्रभर ठेवा, सकाळी गन मारा. दोन-तीन दिवस असं करावं लागतं. घाई असेल तर आमच्याकडे एक साधं हत्यार असतं: निपलच्या आट्याचा एक पोकळ तुकडा आणि त्यात अगदी घट्ट सरकणारा गज. तुकड्यात पातळ तेल भरायचं, गज घालायचा आणि वर हातोड्याचा ठोका. तेलाला जायला दुसरी जागा नसते, म्हणून ते पुढचा अडथळा ढकलतं. एका ठोक्याचा दाब गनपेक्षा कितीतरी जास्त होतो. चष्मा लावून करा आणि गजाच्या रेषेत उभं राहू नका. विकत मिळणारं तयार हत्यारही असतं, तत्त्व हेच.

तार पिनपर्यंत पोचली, तर गोष्ट मजेशीर आहे. रस्ता मोकळा, तरी ग्रीस जात नाही, कारण तुम्ही ते चुकीच्या वेळी मारताय. डिपर हवेत लटकत असतो तेव्हा त्याचं वजन बुशच्या वरच्या अंगावरून पिनवर येतं. बुश वरून पिनला चिकटतो आणि फट खाली राहते. निपलचं भोक वरच्या बाजूला असेल आणि खाचे वाळलेल्या ग्रीसनं बुजले असतील, तर भोकाचं तोंड पिनवर दाबून बंद होतं. बकेट जमिनीवर टेकवून बूमनं हलका दाब दिला की उलटं होतं, फट वर येते. पण सिलिंडर कुठून ढकलतोय यावर फट कुठं पडेल हे बदलतं, म्हणून मी दोन्ही तऱ्हेनं करून पाहतो. आधी बकेट टेकवून हलका दाब देऊन इंजिन बंद. गन मारा. मग बकेट जमिनीपासून वीतभर उचला, खाली लाकडी स्लीपर द्या, इंजिन बंद. परत गन मारा. मग डिपर थोडा आत-बाहेर करून परत. ऑपरेटर लिव्हर हलवतोय आणि हेल्पर जोडाशी गन लावून उभा आहे, हे दृश्य रोज दिसतं आणि दर वेळी माझ्या पोटात गोळा येतो. हालचाल वेगळी, ग्रीस वेगळं. हेल्पर बाजूला झाल्याशिवाय चावी फिरवायची नाही.

दिवसभराचं काम संपल्यावर, जोड गरम असताना हे करा. आतलं ग्रीस तेव्हा पातळ असतं, सकाळच्या थंडीपेक्षा लवकर सरकतं.

आता गॅसचं. उष्णतेचा उपयोग होतो, मी नाही म्हणत नाही. पण 'गरम' आणि 'लाल' यांत मोठा फरक आहे. लिथियमचं साधं ग्रीस साधारण १८० ते २०० अंशांवर वितळतं. म्हणजे आतलं चिकट ढिलं करायला बॉस १००-१२० अंशांपर्यंत नेला तरी पुरतो. पाण्याचा थेंब टाकला की चुर्र करून उडाला, एवढं बास. लाल म्हणजे ६०० अंशांच्या वर. तिथं पिनचा वरचा कडक थर नरम पडतो, कडेचं धूळ अडवणारं सील जळतं आणि बॉसमधली बुशची पकड ढिली होते. म्हणजे आज ग्रीस जाईल, आणि सहा महिन्यांत पिन खाल्लेली दिसेल. शिवाय डिपरचा सिलिंडर आणि होज हातभर अंतरावर असतात. तेल भरलेला बंद सिलिंडर तापवणं हा बॉम्ब तापवण्याचा प्रकार आहे. गरम करायचंच असेल तर हॉट एअर गननं करा, निपल काढून करा म्हणजे आत दाब साठणार नाही, आणि भोकात आदल्या रात्री डिझेल घातलं असेल तर मुळीच करू नका. डिझेल की उष्णता, एकच निवडा.

राहिली तिसरी शक्यता, तार २० मिमीवर टणकन लागली ती. तुमच्याबाबतीत माझा संशय इथंच आहे. करकर आवाज येतोय म्हणजे पिन काही काळ कोरडी चाललीये. कोरडी पिन बुशला पकडते. बुश बॉसमध्ये ठोकून किंवा दाबून घट्ट बसवलेला हवा. तो सैल असेल तर पिनबरोबर फिरतो आणि त्याचं भोक निपलच्या भोकासमोरून निघून जातं. मग ग्रीस अजिबात जात नाही, पिन आणखी कोरडी, पकड आणखी घट्ट. आठवून सांगा, मागच्या वर्षी बुश घालताना घण मारावा लागला होता, की तो हातानंच गेला होता? 'छान सरकन बसला' असं मिस्त्री म्हणाला असेल, तर तिथंच घोटाळा झाला.

अशा वेळी एक मोह होतो. निपलच्या भोकातून ड्रिल घालायचं आणि बुशला तिथंच नवं भोक पाडायचं. पिन आत असताना करू नका. बुश कडक स्टीलचा असेल तर साधं ड्रिल चावणारच नाही. चावलं तर चुरा सरळ पिन आणि बुशच्या मध्ये जाऊन बसेल, आणि टोक पिनला लागलं की तिच्यावर ओरखडा. त्या चुऱ्यावर तुम्ही मग रोज ग्रीस मारणार. त्यापेक्षा पिन काढा.

इथं माझा एक नियम सांगतो, वाद घालणारे घालोत. तार, डिझेल, बकेट टेकवून, उचलून, सगळं मिळून एक दिवस. एका दिवसात ग्रीस दोन्ही कडांतून बाहेर आलं नाही, तर पिन बाहेर. मालक म्हणतात, सीझन आहे, महिनाभर चालवू दे. समजतं मला, हप्ते असतात. पण आज पिन आणि दोन बुश यांचा खर्च आहे. महिनाभर कोरडं चाललं की बॉसचं भोकच लंबगोल होतं, मग आतून वेल्डिंगचा थर देऊन लाईन बोरिंग करावं लागतं, म्हणजे भोक पुन्हा गोल आणि एका रेषेत कोरून घ्यावं लागतं. जागेवर येऊन लाईन बोरिंग करणारे आता मोठ्या गावांत मिळतात, पण त्यांचं बिल आणि मशीन उभी राहण्याचे दिवस एकत्र धरा आणि मग ठरवा. ज्या जोडानं आवाज केलाय, तो आतून कसा आहे हे पाहायलाच हवं. ग्रीस गेलं तरीसुद्धा.

पिन काढताना बूम आणि डिपर दोन्हींना खालून स्वतंत्र आधार द्या, इंजिन बंद करून लिव्हर सगळीकडे हलवून दाब सोडा, मग पिन अडवणारा बोल्ट काढा. पिनवर थेट घण मारू नका, कडक पोलादाचे तुकडे डोळ्यात जातात. मध्ये पितळेचा किंवा मऊ लोखंडाचा गज धरा. वजन पिनवर असेल तर ती निघणार नाही, आणि लोक इथं घण वाढवतात. घण वाढवू नका, जॅक दोन-चार मिमी वर-खाली करा. पिन सैल होण्याचा बिंदू सापडला की साध्या हातोड्यानं सरकते. अगदीच जाम असेल तर हायड्रॉलिक पुलर मागवा. गॅसनं पिन कापणं हा शेवटचा उपाय, आणि तो करणारा हात सरावलेला हवा.

पिन बाहेर आली की अंदाज संपतात. बुशचं भोक कुठं आहे ते डोळ्यांनी दिसेल. ते फिरलेलं असेल आणि बॉसचं भोक अजून गोल असेल, तर नवे बुश करा. लेथवाल्याला फक्त मापं देऊ नका, चार गोष्टी लिहून द्या. ग्रीसचं भोक, त्याच्या कडा मारलेल्या. आतून खाचा, पण कडेपर्यंत न नेलेला, नाहीतर ग्रीस भार घ्यायच्या आधीच बाहेर पळतं. बाहेरच्या अंगावर भोकातून जाणारा तीन-चार मिमी रुंदीचा गोल खाचा, म्हणजे उद्या बुश थोडा फिरला तरी ग्रीस त्या खाचातून वळसा घेऊन भोकात पोचेल. आणि बॉसचं खरं माप घेऊन घट्ट फिट. बुश सैल पडतो म्हणून कडेला वेल्डिंगचा टाका मारणारे पुष्कळ आहेत. मी टाळतो. कडक बुशला टाक्याजवळ तडा जातो आणि पुढच्या वेळी बुश काढताना बॉसची कड जाते.

बसवताना एक सोपी गोष्ट. बुश आदल्या रात्री डीप फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर ३० अंश आणि आत उणे १८, म्हणजे ४८ अंशांचा फरक. ६० मिमीच्या स्टील बुशचं माप त्यानं सुमारे ०.०३ मिमी कमी होतं. ऐकायला काहीच नाही, पण घट्ट फिट बसवताना तेवढ्यानं घणाचे निम्मे ठोके वाचतात. बॉस हॉट एअर गननं थोडा कोमट केला तर आणखी सोपं. आमच्याजवळच्या आइस्क्रीमवाल्यानं आता माझ्या बुशांसाठी एक कप्पाच ठेवलाय.

ग्रीसबद्दल थोडंच. ईपी टू (जास्त दाब सोसणाऱ्या) दर्जाचं लिथियम ग्रीस बहुतेक जागी चालतं. जड भाराच्या, हळू फिरणाऱ्या पिनांना मॉलिब्डेनम असलेलं काळं ग्रीस मी पसंत करतो, मशीनच्या पुस्तकात मनाई नसेल तर. लाल, निळं, पिवळं हा फक्त रंग असतो, त्यावरून जात ओळखू नका. दोन जातींचं मिश्रण कधी पातळ होऊन गळतं, कधी घट्ट होऊन बसतं. आणि बादलीचं झाकण. साइटवर उघड्या बादलीत मुरुमाची धूळ पडते, तीच गनमधून पिनमध्ये जाते. निपल पुसल्याशिवाय गन लावणं हाही त्यातलाच प्रकार.

बॅकहोच्या मागच्या पिनांना बहुतेक कंपन्यांची पुस्तकं दर १० तासांनी, म्हणजे रोज, ग्रीस सांगतात. चिखलात किंवा पाण्यात काम झालं तर संध्याकाळी पुन्हा. नवे बुश घातल्यावर पहिल्यांदा दोन्ही कडांतून नवं ग्रीस येईपर्यंत मारा. तुमच्या जोडात दोन बुशांच्या मध्ये पोकळी असेल तर ती भरेपर्यंत बराच वेळ काहीच बाहेर येत नाही. एका दाबात गन साधारण ग्रॅमभर ग्रीस टाकते, तेव्हा पन्नास-साठ दाब लागले तर घाबरू नका. दांडा हलका चालतोय ना, मग ते जातंय.

पिन परत घालण्याआधी बुशच्या कडेवर आणि त्याला लागून बॉसवर, दोन्हींवर एका रेषेत पंचनं टिंब मारून ठेवा, बुशच्या भोकाच्या बरोबर समोर. रोज ग्रीस मारताना त्या दोन टिंबांकडे नजर टाका. ती एकमेकांपासून सरकली, तर बुश फिरायला लागलाय, आणि ते तुम्हाला दांडा घट्ट व्हायच्या आधी कळेल. तोवर आज रात्री तार घालून पाहा आणि किती मिमीवर, मऊ की टणक, एवढं मला कळवा.